कोलंबीची पिल्लं नव्हेतच ती

गेल्या मे महिन्यात आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीसाठी, सुका जवळा निवडत बसले होते. नऊ वर्षांचा मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "आई, ही कोलंबीची बाळं आहेत ना?" मी हो म्हटलं. मला माझ्या आईने तेच सांगितलं होतं, तिला तिच्या आईने. त्या दिवसापासून त्याने जवळ्याला हात लावला नाही. आधी कांदा-कोकम घातलेली जवळ्याची चटणी नि तांदळाची भाकरी असली की त्याला दुसरं काही लागत नसे. मी आग्रह केला नाही, मलाही तो घास जड जायला लागला होता.

यंदा फेब्रुवारीत नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात ओला जवळा आला होता. नेहमीच्या मावशी वाटा पुढे सरकवायला लागल्या, तशी मी म्हटलं, "नको मावशी, पिल्लं खायला जीव धजत नाही."

त्यांनी कोयता खाली ठेवला. "कुनी सांगितला? कोलंबी येगली, जवला येगला. मोठा झाला तरी येवढाच."

घरी येऊन वाचत बसले. मावशींचं खरं होतं. जवळा म्हणजे ॲसिटिस इंडिकस, १८३० साली ऑन्री मिल्न एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने नोंदवलेली स्वतंत्र जात. पुरा वाढला तरी फार तर ४ सेंटिमीटर. कोलंबीला चालायच्या पायांच्या ५ जोड्या असतात, याला ३च. आपला बोंबीलही याच जवळ्यावर पोसतो आणि दोघंही डोलीत, म्हणजे प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, एकत्र येतात. इतकी वर्षं एकाच ताटात वाढलं, पण हे नातं मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या रविवारी एक वाटा आणला आणि मुलाच्या हातात भिंग दिलं. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्याने एकेक जवळा पसरला. काचेसारखं अंग, काळे डोळे, शेपटीच्या मुळाशी लाल ठिपके. पाय मोजताना ओठ हलत होते. "तीन. तीन. याचेही तीनच."

बऱ्याच वेळाने तो थांबला. "आई, याचे पाच आहेत."

डोलीत सगळंच सापडतं, बारीक मांदेली, कोवळी कोलंबीसुद्धा. हे मी त्याला सांगितलं, लपवलं नाही. त्याने ते एक पिल्लू उचलून वेगळ्या वाटीत ठेवलं आणि पुन्हा भिंग हातात घेतलं. जेवायला त्या दिवशी अडीच वाजले. चटणी मात्र त्याने दोनदा मागून घेतली.