श्वासावरून पकडलेला चोर

ब्लड कल्चरचं, म्हणजे रक्तात जंतू आहेत का हे ते वाढवून तपासण्याचं, यंत्र जंतू पाहतच नाही. त्याला कळतो तो फक्त श्वास. रक्त आणि जंतूंचं खाद्य घातलेली बाटली ३५ अंशांच्या आसपासच्या उबेत साधारण ५ दिवस ठेवायची. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बुडाशी असलेला सेन्सर बदलतो आणि दर १० मिनिटांनी डोकावणारं यंत्र ओरडून उठतं. पण श्वास ही काही जंतूंची मक्तेदारी नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जिवंतच असतात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, त्या इतक्या भरमसाट असतात की त्यांच्याच वायूने यंत्र फसतं. बाटली ठरल्यापेक्षा जास्त भरली तरी तेच.

यंत्रावर माझा राग नाही. पान हललं तरी भुंकणारं कुत्रं राखणीला बरंच.

खरा कस लागतो तो पुढे, रिकाम्या स्लाइडसमोर. बाटलीतला थेंब काचेवर घेऊन रंगवला (हा ग्रॅम स्टेन) आणि जांभळ्या गोल जंतूंचे घोस दिसले, की लगेच वॉर्डला फोन करता येतो. काहीच दिसलं नाही, तर मात्र दुसरी स्लाइड करायची आणि पुन्हा कोपरान् कोपरा बघायचा. ‘आहे’ म्हणायला एक जंतू पुरतो, ‘नाही’ म्हणायला किती बघावं याला अंत नाही. त्यात न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकोकस हा तर महाबिलंदर: बाटलीत वाढतो आणि मग स्वतःच विरघळून जातो. स्लाइड कोरी, जंतू उगवायची प्लेटही कोरी, आणि तरी यंत्र खरं बोललेलं! म्हणून प्लेटवर काही उगवलं नाही तरी मी यंत्राला लगेच खोटं म्हणत नाही. बाटली मुकाट पुन्हा आत जाते.

दुसऱ्या जातीचं खोटं याहून वरचढ. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस उगवतो. यंत्र खरं, स्लाइड खरी, जंतूही खरा, फक्त तो रक्तातला नसून सुई टोचताना कातडीवरून आत आलेला. अशा बाटल्या ३ टक्क्यांच्या आत राहाव्यात असा जुना दंडक आहे. अशा बाटलीपायी एखाद्याला विनाकारण व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालू होतं. आणि हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसात मात्र हाच जंतू खरोखरीचा गुन्हेगार निघू शकतो.

त्यामुळे फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुसऱ्या हातातूनही रक्त घेतलंय ना? तिथेही तोच जंतू निघाला, तर तो कातडीवरचा नसून रक्तातलाच असण्याची शक्यता जास्त. पलीकडे बहुतेकदा कागद चाळल्याचा आवाज येतो.