सांदण दरी: दोर खाली ओढण्याआधी

सांदणचा बेत आखताना सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवा: डोह बघून मागे फिरायचं, की दरी पूर्ण उतरून पायथ्याच्या डेहणे गावाला जायचं? माथ्यावरच्या साम्रद गावाहून निघून डोह ओलांडत, धोंड्यांवरून पहिल्या मोठ्या रॅपलिंग पॅचपर्यंत, म्हणजे दोराने उतरायच्या कड्यापर्यंत, जाऊन येणं धडधाकट माणसाला जमतं. पुढचा मामला वेगळा. साधारण ४५ फुटांचा तो टप्पा उतरून दोर खाली ओढलात, की आल्या वाटेने परत जाणं संपलं.

दोर दुहेरी टाकून उतरायचं तर किमान १०० फुटी हवा, आणि सुरक्षेचा दुसरा दोर वेगळा. दोराच्या टोकांना गाठी मारा. कातळाच्या धारेवर दोर घासतो तिथे जुनं गोणपाट घाला. शेवटचा माणूस उतरण्याआधी खालून दोर ओढून बघा. अडकत असेल तर वर कुणीतरी असतानाच सोडवता येतो. शेवटचा माणूस खाली पोचल्यावर, दोर ओढण्याआधी दोन्ही टोकांच्या गाठी सोडायच्या, नाहीतर ओढताना टोक वर जाऊन अडकतं. एकाला दहा मिनिटं धरली तर बारा जणांचे दोन तास इथेच जातात. पुढे छोटे टप्पेही आहेत. म्हणून साम्रद सकाळी सातच्या आत सोडा. उशीर झाला की धोंड्यांतच अंधार पडतो, आणि मुरगळणारे पाय बहुतेक तेव्हाचेच.

डोहांचं पाणी महिन्यागणिक बदलतं. डिसेंबरात छातीपर्यंत लागू शकतं, उन्हाळ्यात बरंच ओसरतं. आदल्या दिवशी गावातल्या वाटाड्याला फोन करून विचारा. सॅकमध्ये सामान भरण्याआधी आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि कोरडे मोजे वेगळे गुंडाळा. पाण्याच्या रेषेलगत कातळावर काळपट हिरवा, बुळबुळीत पट्टा दिसतो. त्यावर पाय ठेवू नका. धोंड्यावर पूर्ण भार टाकण्याआधी तो हलतोय का ते पायाने चाचपा. काठीपेक्षा मोकळे हात जास्त कामाला येतात. डोहाचं पाणी पिऊ नका, माणशी चार लिटर बरोबर घ्या. सावलीतून बाहेर पडल्यावर कोकणातलं ऊन अंगावर येतं.

पावसाळ्यात दरीत उतरायचंच नाही. माथ्यावरचं पाणी या फटीत एकवटतं आणि दोन्ही बाजूंना उभे कातळ, वर चढून बसायला जागा नाही. अवकाळीचे ढग दिसले तरी बेत रद्द करा. पैसे बुडाले तर बुडू देत.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा तिन्ही टाळा.

डेहण्याहून आसनगाव स्टेशनला जायची जीप आधीच ठरवून ठेवा, कारण दरीत फोनला रेंज धरून चालू नका. गाडी साम्रदला लावली असेल तर ती खाली आणायला ड्रायव्हर लागेल. तो नसेल तर करोली घाटाच्या पायवाटेने पुन्हा वर साम्रदला चढण्याइतकं पाणी आणि दिवस शिल्लक ठेवा.