गिरणी चालू, गिरणी बंद

मार्चअखेर धुळे जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत आवाज मोजण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. समोर स्वच्छता निरीक्षक, बांधकाम विभागाचे दोन अभियंते, काही लिपिक आणि पोलीस ठाण्यातून पाठवलेले दोघं. मुख्याधिकाऱ्यांनी दीपप्रज्वलन केलं, 'विषय महत्त्वाचा आहे' म्हणाले आणि गेले. पोलिसांना मीटर म्हणजे डीजेवाल्यावर रोखायची बंदूक वाटते. आकडा आला की गुन्हा! हा समज उतरवण्यातच पहिला दिवस जातो.

परिषदेकडे स्वतःचं मीटर होतं. कपाटात, खोक्यासकट, आतले सेल फुटून हिरवे झालेले. कॅलिब्रेटर विचारला तर एक लिपिक म्हणाला, "ते गोल आहे ते का सर? ते कागदावर ठेवतो आम्ही." मीटर बरोबर मोजतंय का ते तपासायला ९४ डेसिबलचा नेमका सूर देणारं यंत्र आवक-जावकच्या टेबलावर पेपरवेट झालं होतं. मी माझं मीटर काढलं.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाला त्यांनी खरीच तक्रार निवडली. गल्लीतली पिठाची गिरणी आणि भिंतीला भिंत लागून राहणारे एक म्हातारे बाबा. तीन अर्ज झाले होते. परिषद म्हणे अधिकार पोलिसांचा, पोलीस म्हणत गिरणीचा परवाना परिषदेचा. दोघांचंही अर्धं-अर्धं खरं होतं, म्हणून अर्ज फिरत होता.

पापड-बिबड्यांचे दिवस, गिरणीपुढे डब्यांची रांग. मीटर जमिनीपासून दीड मीटरवर, आसपासच्या भिंतींपासून साडेतीन मीटर लांब ठेवायचं, असं मी आदल्या दिवशी शिकवलं होतं. त्या गल्लीत साडेतीन मीटर सापडेनात. शेवटी तोंडाशी, रस्त्याच्या कडेला तिवई उभी केली. मीटरला फोमची टोपी घातली, दहा मिनिटांची सरासरी घेतली. ६७.

निरीक्षक लगेच लिहायला लागले. त्यांना थांबवलं आणि मालकीणबाईंना गिरणी बंद करायला सांगितलं. रांगेतल्या बायका माझ्यावर उखडल्या, कुणाची कळण्याची भाकरी माझ्यामुळे अडली होती. पण प्रशिक्षणात एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी मला पुरते: स्रोत बंद करून मोजल्याशिवाय त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. बंद गिरणीत आकडा आला ६५. रिक्षा, दुचाक्या, परिषदेचीच भोंगा लावलेली घंटागाडी. चालू आणि बंद यांत तीन डेसिबलसुद्धा फरक नसेल, तर आवाज गिरणीचाच असं ठामपणे म्हणता येत नाही. कुणी तरी "वा सर" म्हणालं. मी खूश झालो, हे कबूल करतो.

मग वाद क्षेत्रावरून पेटला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५, व्यापारी भागात ६५. मर्यादेच्या वर १० गेलं की तक्रारीला धार येते. म्हणजे निवासी धरलं तर ६७ वर तक्रार उभी राहते, व्यापारी धरलं तर नाही. खाली दुकानं, वर घरं. मिश्र भाग औद्योगिक, व्यापारी, निवासी, शांतता या चारांपैकी कुठल्या तरी एका वर्गात जाहीर करायला हवा. इथे तो कधी केलेला कुणालाच आठवेना. अभियंता म्हणाला, व्यापारी धरू.

गिरणी पुन्हा सुरू झाली, सगळे निघाले तेव्हा बाबांनी माझा हात धरला. "साहेब, कानले नही लागस, छातीले लागस." आत नेलं. सोबत फक्त पोलीस ठाण्यातल्या बाई आल्या. त्यांनी काही न विचारता भिंतीला तळहात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खोलीत मीटर धरलं. ए-भारणावर, म्हणजे माणसाच्या कानासारखा खर्ज कमी धरणाऱ्या मापावर, ४४. म्हणजे काहीच नाही. बटण दाबून सी-भारणावर, म्हणजे खर्जही जवळजवळ पुरा धरणाऱ्या मापावर गेलो. ६६! दोन्हींतला फरक पंधराच्या वर गेला की समजायचं, घुमणारा खर्जातला आवाज आहे. इथे बावीस. ए-भारण ५० हर्ट्झच्या आवाजातले तब्बल ३० डेसिबल वजा करून टाकतं, आणि नियमांच्या सगळ्या मर्यादा ए-भारणातच आहेत. गिरणीचा पाया बाबांच्या खोलीच्याच फरशीत, बोल्ट थेट काँक्रीटमध्ये. खाली रबराचे जाड ठोकळे बसवले असते तरी बराच फरक पडला असता.

हे मी परत येऊन वर्गात सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग तक्ता भरायला बसले. त्यात ६७, ६५, फरक २, क्षेत्र व्यापारी, एवढेच रकाने होते. तक्ता मीच छापून नेला होता.

पंधरा दिवसांनी निरीक्षकांचा फोन. "सर, ती तक्रार निकाली काढली. अगदी तुम्ही शिकवलं तसंच मोजून." आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. पूर्वी त्यांनी नुसतं 'समज दिली' लिहिलं असतं. मी ठोकळ्यांचं विचारलं. "पत्रात कोणत्या नियमाखाली टाकू ते सांगा, आजच टाकतो."

मला सांगता आलं नाही. तोंडी सांगून बघा म्हटलं. त्या पोलीसबाईंनी सांगितलं असतं तर मालकीणबाईंनी ऐकलं असतं असं वाटतं, पण त्यांची तोवर बदली झाली होती.

पुढच्या प्रशिक्षणाच्या तक्त्यात मी सी-भारणाचा रकाना घातलाय. शेजारी 'मर्यादा' असा मथळा आहे, त्याखालची जागा कोरी आहे.