मग ट्रम्पना मिशेल ओबामांनी हरवलं असतं का?

‘अमेरिकेत उमेदवारही ठरलेले नसतात, तरी अध्यक्षपदासाठी अमुक विरुद्ध तमुक असे पोल, म्हणजे जनमत चाचण्या, येत राहतात. त्यात पुढे असलेला खरंच जिंकतो का?’ तुम्ही विचारलंत म्हणून एक तक्ता उघडूनच बसू.

जुलै २०२४. ट्रम्प यांच्याबरोबरच्या वादसभेत तेव्हाचे अध्यक्ष बायडन अडखळले होते आणि त्यांच्या जागी कोण, याची चर्चा पेटली होती. रॉयटर्स ही वृत्तसंस्था आणि इप्सॉस ही सर्वेक्षण कंपनी यांच्या पोलमध्ये बायडन-ट्रम्प ४०-४० टक्के (दुसरा आकडा प्रत्येक वेळी ट्रम्प यांचा). तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस असत्या तर ४२-४३. केंटकीचे गव्हर्नर अँडी बेशिअर असते तर ३६-४०. आणि मिशेल ओबामा, ५०-३९! मथळे कशाचे झाले असतील ते सांगायला नको.

आता फक्त ट्रम्प यांचे आकडे बघा: ४०, ४३, ४०, ३९. फारसे हलत नाहीत. हलतोय तो समोरचा आकडा. म्हणून आघाडी बघण्याआधी दोन्ही आकड्यांची बेरीज शंभरातून वजा करायची. बेशिअर यांच्या ओळीत २४ टक्के उरतात, मिशेल यांच्या ओळीत ११. बेशिअर लोकांना नकोसे होते असं नाही, केंटकीबाहेर अनेकांनी त्यांचं नावच ऐकलेलं नव्हतं. अनोळखी नाव दिसलं की माणूस ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो. उलट मिशेल घराघरांत माहीत, आणि मुख्य म्हणजे रिंगणातच नाहीत. जो उभा नाही त्याच्याविरुद्ध कुणी जाहिराती करत नाही, त्याला करांबद्दल कुणी छेडत नाही. ते ५० टक्के पसंतीचे होते, मतांचे नव्हेत.

मग त्रुटीची मर्यादा. हजार जणांच्या नमुन्यात प्रत्येक आकडा साधारण ३ टक्के वर-खाली धरायचा. पण आघाडी हा दोन आकड्यांमधला फरक, त्यामुळे तिची त्रुटी जवळपास दुप्पट. चार टक्क्यांच्या आघाडीवर पैज लावू नका. जोड्या पुष्कळ म्हणून नमुना दोन गटांत वाटला असेल, तर एका जोडीमागे ५०० माणसं उरतात आणि ३ चे ४.४ होतात. हे तळटीपेत असतं, मथळ्यात नाही. तिथेच बघा की विचारलं कुणाला: सगळ्या प्रौढांना, नोंदणी झालेल्या मतदारांना, की मतदानाला जाण्याची शक्यता असलेल्यांना? निवडणूक वर्षभर लांब असेल तर मधला गट बरा. मतदानाला नक्की कोण जाणार, हे इतक्या आधी त्या मतदारालाही ठाऊक नसतं.

देशभराचा पोल आणि निवडणूक यांचं गणितही वेगळं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ४८.२ टक्के मतं, ट्रम्पना ४६.१, तरी हरल्या त्याच, कारण जिंकायला २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेली ठरावीक मतं, राज्याराज्यांतून जमवावी लागतात.

आणि काळ! २००८ च्या निवडणुकीसाठी २००७ भर हिलरी विरुद्ध न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी असे पोल चालले, उमेदवारी दोघांनाही मिळाली नाही. १९८८ च्या जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाचे डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढे होते, नोव्हेंबरात रिपब्लिकन पक्षाचे थोरले बुश जवळपास आठने जिंकले. तिथे तर जोडी खरी होती.

हॅरिस यांची ओळ मात्र पुढे खरी ठरल्यासारखी दिसते. पोलमध्ये ट्रम्प एकने पुढे, निकालात ४९.८ विरुद्ध ४८.३, म्हणजे दीडने. ‘बघा, पोल बरोबर होता’ असं कुणी म्हणालं, तर त्या ओळीत उरलेले १५ टक्के पुढे कुठे गेले, तेवढं त्यांना विचारा.