तुम्ही विचारलंत म्हणून: आफ्रिकेतला छोटा शेतकरी खत का टाकत नाही?

कृषी महाविद्यालयात मी विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत कसं पोचवायचं ते, शिकवते. त्यामुळे वर्गात कुणी ना कुणी हमखास विचारतं, "मॅडम, आफ्रिकेत खत मिळतं, सुधारित बियाणं मिळतं, मग तिथला छोटा शेतकरी ते वापरत का नाही?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: त्याला कळत नाही. मला ते मुळीच पटत नाही. का, ते सांगायला मी पश्चिम केनियातलं बुसिया निवडते.

युगांडाच्या सीमेला लागून असलेला हा भाग. जमिनीचे लहान तुकडे, त्यात मका आणि घेवडा. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी इथे शेतकऱ्यांच्याच वावरात खताचे प्रयोग घेतले. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले. मका गुडघ्याएवढा झाल्यावर दर खड्ड्याला अर्धा चमचा वरखत दिलं, तर त्या खर्चावर वर्षाला साधारण 70 टक्के परतावा सुटत होता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. कृषी मंत्रालयाची पूर्ण शिफारस, म्हणजे संकरित बियाणं, पेरणीचं खत आणि शिवाय वरखत, सरासरी शेतकऱ्याला परवडत नव्हती. पीक वाढायचं, पण खर्च भरून निघायचा नाही. शिफारस न पाळणाऱ्याला अडाणी ठरवलं जात होतं आणि हिशोब त्याचाच बरोबर होता! विस्तार कार्यकर्ता होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दोनदा वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

मग अर्धा चमचा तरी का नाही? "पुढच्या हंगामात टाकणार" असं बरेच जण म्हणायचे, पण प्रत्यक्षात थोडेच टाकायचे. काढणीनंतर हातात पैसा येतो आणि शाळेची फी, दवाखाना, पाहुणेरावळे यांत जातो. वरखताची वेळ येते तेव्हा घरात काही उरलेलं नसतं. सोयाबीनच्या पैशाचं जूनपर्यंत काय होतं, हे माहीत असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना यापुढे समजवावं लागत नाही. संशोधकांनी काढणी होताच घरी जाऊन विचारलं: खताचे पैसे आत्ताच द्या, खत आम्ही घरपोच फुकट आणून देऊ. किमतीत एका पैशाचीही सूट नाही. तरीही खत घेणारे इतके वाढले, की हंगामात ऐन वेळी निम्म्या किमतीत खत देऊन जेवढा परिणाम झाला, साधारण तेवढाच इथे दिसला.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. व्हिक्टोरिया सरोवराकाठी भारतीय वंशाचे कीटकशास्त्रज्ञ झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही शेंगवर्गीय चारावनस्पती आणि कडेने नेपिअर गवत लावण्याची पद्धत बसवली. खोडकिड्याचा पतंग डेस्मोडियमच्या वासाने दूर पळतो आणि नेपिअरकडे ओढला जातो. डेस्मोडियमच्या मुळांमुळे टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारं परजीवी तण, दबतो, जमिनीला नत्र मिळतं, जनावरांना चारा होतो. इतकं चांगलं तंत्रही सगळ्यांकडे पोचलेलं नाही. डेस्मोडियमचं बी महाग पडतं, सहज मिळत नाही आणि पहिल्या हंगामात खुरपणी वाढते. शिवाय हे पीक बहुवर्षायू. खरा लाभ पुढे कैक हंगाम मिळत राहतो. ज्याने जमीन एकाच हंगामासाठी खंडाने घेतली आहे, त्याने डेस्मोडियम दुसऱ्या कुणासाठी पेरावं?