पंधराव्या हीटनंतर

काल रात्री ४४-४६ ने हरलो. आणि हरणारे स्वार सगळे संगणकातले!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: स्पीडवे म्हणजे चार स्वार, दोन्ही संघांचे दोन-दोन, मातीच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. ५०० सीसीची मोटारसायकल, इंधन मेथनॉल, गिअर एकच, ब्रेक नाहीत. हो, नाहीतच. पहिल्याला ३ गुण, मग २, १, शेवटच्याला भोपळा. अशी एक शर्यत म्हणजे हीट; पंधरा हीटचे दोन्ही संघांचे मिळून ९०. इथे पोलंडमध्ये व्रोत्सवाफला आल्यावर ऑलिम्पिक स्टेडियममध्ये इथल्या स्पार्टा संघाची एक मॅच बघितली, तो जळक्या मेथनॉलचा वास डोक्यात गेला आणि मी आभासी लीगमध्ये टीम घेऊन बसलो.

काल चौदा हीटनंतर ४२-४२. शेवटच्या हीटला कोण उतरणार हे मॅनेजरने कळवायचं असतं. नेमका तेव्हाच आईचा पुण्याहून फोन. यादी राहिली, यंत्राने आपल्या मनाने दोघं उतरवले. २-४. संपलं.

बायको म्हणाली, "अरे, याचा पगार देतात का तुला?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

खरं सांगायचं तर कंटाळा हरण्याचा नाही. ऑफिसातून आल्यावर पुन्हा तेच, रोस्टर, डेडलाइन, बजेट. सोडावं असं महिनाभर मनात आहे. पण तो सोळाचा असताना टीममध्ये घेतलेला एक खोटा पोरगा आता कुठे वळणं नीट घ्यायला लागलाय. त्याला कुणाच्या गळ्यात मारू?

लीगच्या राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलाय, पाठवला नाही. रविवारची यादी मात्र आजच भरली.