7 जानेवारीची रजा

डिसेंबर लागला की नंदुरबारहून आईचा एक प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे तर खरा नाताळ असंल ना रे?" आई अजून या गावाचं नाव नीट घेत नाही. स्वीडनमधल्या यॉनशॉपिंगमधलं नुसतं 'शॉपिंग' तेवढं तिच्या लक्षात राहतं. दोन वर्षं मी "हो गं, खूप छान असतो" म्हणून वेळ मारून नेली.

तिचंही चुकत नाही. पश्चिम खान्देशात शुभवर्तमान घेऊन जी गोरी माणसं आली, त्यांत स्वीडनचीही होती. आजोबा मडमेच्या मराठीची नक्कल करायचे आणि हसता हसता डोळे पुसायचे. त्यात या गावाला इथले लोक 'स्मोलांडचं यरुशलेम' म्हणतात (स्मोलांड हा इथला प्रांत), इतकी इथे चर्चं. मग मी आलो तेव्हा वाटलं होतं, आपण विहिरीवरच राहायला आलो.

पण इथला नाताळ पाहून माझं डोकंच फिरलं. नोव्हेंबरच्या शेवटी खिडक्याखिडक्यांत कागदी तारे लटकतात, सात दिव्यांच्या विजेच्या समया लागतात. साडेतीनच्या आत अंधार पडतो, त्यामुळे गाव दिसतं सुंदरच, ते नाकारत नाही. ऑफिसात एकाला विचारलं, हा तारा कशाचा? तो म्हणाला, "अंधार फार असतो ना, म्हणून." दुसरी जरा आठवून म्हणाली, "बायबलमधलं काहीतरी असावं." असावं! चर्चला जाणार का, तर गाणारे चांगले असतील तर बघू. 24 तारखेला दुपारी तीनला मात्र सगळा देश टीव्हीसमोर बसून डोनाल्ड डक बघतो, त्यात कोणाचा खाडा नाही.

सगळ्यात जास्त टोचला तो शब्द. हे लोक नाताळाला 'यूल' म्हणतात. हा शब्द ख्रिस्ती धर्म इथे येण्याच्या आधीचा, हिवाळ्याच्या जुन्या सणाचा. म्हणजे सणाच्या नावातही प्रभू नाही. आपला 'नाताळ' पोर्तुगिजांकडून आला, पण त्याचा अर्थ तरी जन्म. हे मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे हेरिंग मासा सरकवला.

आमच्याकडे कसं होतं, तेही सांगितलं. थंडीत रात्री कॅरल पार्टी निघायची, ढोलकी, झांजा, टिळकांची गीतं (लोकमान्य नव्हे, रेव्हरंड). गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्यांवरून वारा आला की अर्धी मंडळी कडव्याच्या मधेच खोकायची. पाळकसाहेबही. मग कोणाच्या तरी ओट्यावर चहा, करंज्या, चकल्या. शेजारच्या पाटीलकाकू दिवाळीचं ताट पाठवायच्या, आम्ही नाताळचं परत पाठवायचो, रिकामं ताट कोणी परत करत नसे.

आता तुम्ही विचाराल, एवढा कळवळा आहे तर तू स्वतः चर्चला किती वेळा गेलास? ईस्टरनंतर एकदाही नाही. भाषा कळत नाही, रविवारी बस कमी. (दुकानातल्या सवलतीच्या पाट्या वाचण्याइतकी भाषा कळते.)

24 तारखेलाही मी भक्तीसाठी गेलो नाही. सोबत राहणारा गावी गेला होता, दुकानं लवकर बंद झाली, आणि रस्त्यावर अशी शांतता की फ्रिजचा आवाज त्रास द्यायला लागला. एका चर्चच्या दारावर पाटी वाचली होती, घरी एकटे असाल तर जेवायला या. गेलो. दारातच एका म्हाताऱ्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ॲप्रन दिला आणि स्वयंपाकघरात पाठवलं.

तिथे एका मोठ्या पातेल्यात तांदळाची लापशी शिजत होती. आपल्या खिरीची गरीब बहीण: जाड तांदूळ, दूध, किंचित मीठ, वरून साखर-दालचिनी. पातेल्यापाशी एक आफ्रिकेतल्या इरिट्रियाची बाई उभी होती, चाळिशीची, डोक्याला पांढरी ओढणी. तिने उलथनं माझ्या हातात दिलं. मी दोन मिनिटं ढवळून फोन काढला, तर तिने मनगटच धरलं. "थांबलास तर लागतं." मग ती खाली बुडापासून कसं खरवडायचं ते दाखवत राहिली, आई दाखवायची तसंच, थोडं चिडून.

लापशी झाली. मी चमच्याने चाखली आणि दुसरा चमचा तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली. वाटलं, गोड चालत नसेल. ती म्हणाली, उपास आहे.

तिचं चर्च ऑर्थोडॉक्स, त्यांचा नाताळ 7 जानेवारीला. त्याआधी चाळीसहून जास्त दिवस दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मांस नाही. ती दुपारपासून दुधाच्या वाफेत उभी होती. मांसाचे गोळे तिनेच तळले होते. चाखल्याशिवाय मीठ कसं कळतं विचारलं, तर म्हणाली, वासावरून. मला एकदम चातुर्मासातल्या पाटीलकाकू आठवल्या, स्वतः एकवेळ जेवून पोरांना शेवभाजी वाढणाऱ्या.

मी विचारलं, मग तू इथे का आलीस, हा तर तुझा सण नाही? ती म्हणाली, ती 2015 मध्ये आली. त्या वर्षी स्वीडनकडे 1,62,877 माणसांनी आश्रय मागितला, हा आकडा इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि बहुतेक वेळा तो तक्रारीच्या सुरातच ऐकू येतो. पहिल्या हिवाळ्यात याच हॉलमध्ये तिला जेवायला बसवलं होतं. एवढंच सांगून ती ताटल्या मोजायला गेली.

जेवणाआधी त्या म्हाताऱ्या बाईने बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय वाचला, येशूच्या जन्माचा. निम्मं कळलं, निम्मं पाठ होतं. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळ गव्हाणीत. आजोळी गोठ्यातली गव्हाण मी रोज साफ केली आहे. कडेला लाळेने चिकटलेला कडबा नखाने काढावा लागतो. गव्हाण म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या चर्चमधल्या झगमगीत देखाव्यात मात्र ती कधी दिसली नव्हती, कारण आमचं लक्ष बक्षीस कोणत्या कंपाउंडला, म्हणजे मिशनच्या वस्तीला, मिळतं याकडे.

समोर एक आजोबा बसले होते. ते मला मोठ्या अभिमानाने म्हणाले, माझा देवावर विश्वास नाही. आणि उठून त्यांनी सगळ्यांच्या ताटल्या धुतल्या. यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. 'यूल'वरचा माझा राग मात्र मी सोडलेला नाही, तो आपल्या जागी बरोबर आहे.

लापशीत एक बदाम टाकतात, ज्याला मिळेल त्याचं वर्षाच्या आत लग्न. मला मिळाला नाही. आईला सांगू नका.

निघताना त्या इरिट्रियाच्या बाईला विचारलं, तुमच्या भाषेत नाताळाला काय म्हणतात? "लिदेत." म्हणजे? "जन्म." मी म्हटलं, आमच्याकडेही तेच. तिने पहिल्यांदा हसून विचारलं, "मग 7 तारखेला येशील? त्या दिवशी मी चाखणार आहे."

इथे 6 जानेवारीला सुट्टी असते, 7 ला नाही. मी रजा टाकली. साहेबांनी विचारलं, काय विशेष? म्हटलं, नाताळ. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सही केली.